मधले पाच तास

डिसेंबरच्या पहिल्या दिवशी ऑक्सिजनच्या मशीनची सर्व्हिसिंग करायला एक मुलगा आला होता. वय पंचविशीच्या आतले, पाठीला पिशवी, आणि तीन जिने चढून आल्यावरही त्याला जराही धाप लागलेली नव्हती. आमच्या घरात आताशा ही गोष्ट आधी डोळ्यांत भरते. त्याने नळीच्या टोकाला एक छोटे उपकरण लावून प्राणवायूची शुद्धता पाहिली, मग मशीन बंद करून भिंतीपासून ओढले, मागची जाळी काढली, तिच्यातला करडा स्पंज बेसिनमध्ये धुऊन, पिळून खिडकीत वाळत टाकला, आणि बटणाशेजारच्या नखाएवढ्या काचेत डोकावून म्हणाला, “दोन हजार सहा तास चाललंय, मॅडम. अजून नवंच आहे म्हणायचं.” कमी पळालेल्या जुन्या गाडीचे कौतुक करावे तशा सुरात तो हे बोलला. आई पलंगावर बसून मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याची नोकरी केली आहे, त्यामुळे आकडा कानांवर पडला की डोक्यात आपोआप बेरीज-वजाबाकी सुरू होते. मशीन घरी आले २ जूनला. त्या दिवसापर्यंत झाले १८२ दिवस. आईच्या उशाशी एका बँकेची फुकट मिळालेली डायरी असते आणि तिच्यात ती रोज रात्री दिवसभरात किती तास नळी लावली ते लिहून ठेवते. डॉक्टरांनीच तसे सांगितले होते. त्या डायरीत रोज १६ लिहिलेले आहेत. सोळा गुणिले १८२ म्हणजे २९१२. मशीन म्हणते २००६. फरक ९०६ तासांचा, म्हणजे दिवसाला जवळजवळ पाच. मला त्याच क्षणी आणखी एका गोष्टीची लाज वाटली. ती डायरी मी दर रविवारी चाळत असे. गणपतीत १६, पितृपक्षात १६, दिवाळीच्या चारही दिवशी १६. कुठल्याही दुकानाची वही इतकी स्वच्छ दिसली असती तर मी ती पहिल्या दहा मिनिटांत बाजूला काढली असती.

मी त्या मुलाला चहा दिला आणि काही बोलले नाही.

हे मशीन म्हणजे प्राणवायूची टाकी आहे असा समज आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांचा आहे आणि सुरुवातीला माझाही होता. प्रत्यक्षात त्यात काहीच साठवलेले नसते. ते आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरातली, बैठकीच्या खोलीतली हवा ओढून घेते. त्या हवेत गोखले रोडवरच्या रिक्षांचा धूर असतो, समोर पाडायला घेतलेल्या इमारतीची धूळ असते, शेजारच्या घरातली लसणाची फोडणी असते. स्पंजाच्या चाळणीतून गाळलेली ती हवा दाबाखाली झिओलाइट नावाच्या खनिजाच्या बारीक मण्यांनी भरलेल्या नळकांड्यात जाते. ते मणी हवेतला ७८ टक्के नायट्रोजन धरून ठेवतात आणि २१ टक्के प्राणवायूला वाट देतात. नळकांडी दोन असतात. एक काम करते तेव्हा दुसरे अडवलेला नायट्रोजन बाहेर टाकते, आणि काही सेकंदांनी दोघे कामाची अदलाबदल करतात. त्या अदलाबदलीच्या वेळी मशीन एक मोठा सुस्कारा सोडते. खालून अखंड घूं घूं आणि मधून मधून हा सुस्कारा. पहिले आठ दिवस मला झोप लागली नाही. नंतर असे झाले की वीज गेली आणि आवाज थांबला की मला जाग येऊ लागली.

मशीनमधून निघालेला वायू पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत जातो, नाहीतर नाक कोरडे पडून रक्त येते. बाटलीतले डिस्टिल्ड वॉटर मी रोज सकाळी बदलते. पुढे ती हिरवट पारदर्शक नळी सुरू होते, जी आमच्या घरात आता दाराखालून, पलंगाच्या पायाला वळसा घालून, न्हाणीघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचते. आईने तिला पहिल्याच आठवड्यात नाव दिले, दावे. “गोठ्यातल्या म्हशीला असतं ना, तेवढंच. चरायला जेवढी मोकळीक, तेवढीच,” असे ती भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगे आणि येणारा हसला की तिलाही बरे वाटे.

आईने जन्मात विडी-सिगारेटला हात लावलेला नाही. वडील तंबाखू खात, ओढत नसत. तरीही तपासणीच्या खोलीत तिला पहिला प्रश्न विचारला गेला तो सिगारेटचाच. दुसरा प्रश्न विचारणारे डॉक्टर भेटायला आम्हाला दोन वर्षे लागली, आणि तो प्रश्न होता, “लहानपणी चुलीवर स्वयंपाक करत होतात का?” आई गुहागरकडची. सातव्या वर्षापासून ती आजीच्या हाताखाली चुलीपुढे बसली आणि लग्न होऊन ठाण्याला येईपर्यंत तिथून उठली नाही. पावसाळ्यात लाकडे ओली असत, शेणी भिजलेल्या असत, आणि सबंध स्वयंपाकघराला एकच हातभर खिडकी, तीही पाऊस आत येतो म्हणून बंद. मला तिथली सगळ्यांत ठळक आठवते ती लोखंडी फुंकणी. सुट्टीत आम्ही गेलो की आजी ती आईच्या हातात देई, कारण “हिच्यासारखा जाळ कुणाला धरवत नाही.” आई मांडी घालून बसे, फुंकणी ओठांना लावून एक दीर्घ फुंकर घाली, धुराचा लोट तोंडावर येई, ती पदराने डोळे पुसून पुन्हा फुंकर घाली, आणि तिसऱ्या फुंकरीला भप्पकन जाळ होई. आमच्यासाठी ती जादू होती. ठाण्यात आल्यावर वातीचा स्टोव्ह आला, मग कितीतरी वर्षे नंबर लावल्यावर गॅस आला. परंतु छातीत जे व्हायचे होते त्याची सुरुवात तोवर झालेली असणार. भारतात धूम्रपान न करताही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, झालेल्या बायकांच्या आजाराचे मूळ पुष्कळदा या धुरात असते, हे त्या डॉक्टरांनी अगदी सहज, पावती लिहिता लिहिता सांगितले.

त्यांच्याच दवाखान्यात आईची फुंकायची चाचणी झाली. एक जाड पुठ्ठ्याची नळी तोंडात, नाकाला चिमटा, आणि समोर उभी असलेली मुलगी ओरडते आहे, “फुंका, फुंका, फुंका आजी, अजून, अजून!” पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते त्यात मोजतात. आईने डोळे मिटून जीव एकवटून फुंकर घातली आणि संगणकाच्या पडद्यावरची रेघ जराशी उठून आडवी झाली. तीनदा केले, तिन्ही वेळा तेच. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “चूल असती तर पेटली नसती आज.”

घरी मशीन लावण्याचा निर्णय त्या चाचणीवर झाला नाही. तो मनगटातल्या धमनीतून काढलेल्या रक्तावर झाला, ज्या सुईने आई कळवळून माझा दंड धरून बसली होती. रक्तातल्या प्राणवायूचा दाब ५५ किंवा त्याहून कमी असेल, किंवा बोटाच्या चिमट्यावर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या प्राणवायूची टक्केवारी, ८८ किंवा त्याहून कमी राहत असेल, तर घरी कायमचा प्राणवायू द्यावा असा सर्वसाधारण दंडक आहे. आईचा दाब ५२ होता आणि बोटावरचा आकडा ८६. २०२१ च्या त्या उन्हाळ्यानंतर आपल्याकडे पानवाल्यालाही सॅच्युरेशन म्हणजे काय ते माहीत झाले, आणि ९५ च्या खाली गेले की धावपळ करायची एवढेच सर्वांच्या डोक्यात राहिले. शेजारच्या काकू एकदा बोटावर ९० पाहून घाबऱ्याघुबऱ्या झाल्या आणि म्हणाल्या, “अगं, दोनवर काय ठेवलंयस, पाचवर कर की!” मशीन मिनिटाला दोन लिटर प्राणवायूवर लावलेले असते. त्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली. या आजाराच्या काही रुग्णांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत असतो आणि प्राणवायू वाजवीपेक्षा जास्त दिला तर तो आणखी साठून माणूस गुंगीत जातो. म्हणून आईला ८८ ते ९२ यांच्या मध्ये ठेवायचे असते. आमच्याकडे ९० म्हणजे साखर वाटावी असा दिवस.

अवघड गोष्ट निराळीच आहे, आणि ती समजायला मला बरेच महिने लागले. नळी लावल्याने दम लागायचा थांबत नाही. आईची धाप मुख्यतः फुप्फुसांत अडकून पडलेल्या हवेमुळे लागते. जुनी हवा बाहेर निघत नाही, म्हणून नवी आत घ्यायला जागा नसते. तिच्यावर नळीचा उपाय थोडाच चालतो. नळी जे काम करते ते आत, कुणाला न दिसता करते. रक्तात प्राणवायू कमी पडला की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि त्या आकसलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकते, पायांवर सूज येते. मशीन आले तेव्हा आईच्या पावलांवर चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ उठत असे आणि तासभर बुजत नसे. ऑगस्टच्या सुमारास एकदा तिचे पाय चेपताना तो वळ नाही असे माझ्या लक्षात आले. मी तिला दाखवले. तिने पाय वर घेऊन पाहिला आणि म्हणाली, “असेल. पण दम लागतोच आहे की.” ज्या औषधाने बरे वाटत नाही, ते दिवसातून पंधरा तास घ्यायला कुणाला तरी सांगून पाहावे.

पंधरा तास हा आकडा कुठून आला हे शोधणे ओघाने आलेच. या सगळ्या उपचाराचा पाया दोन जुन्या अभ्यासांवर उभा आहे. त्यांतला अमेरिकेतला १९८० साली प्रसिद्ध झाला. त्यात २०३ रुग्ण होते. काहींना फक्त रात्रीचा, सुमारे बारा तास प्राणवायू दिला, काहींना शक्य तितका सतत, जो सरासरी अठरा तासांच्या आसपास भरला. दोन वर्षांनंतर रात्रीच्या गटातले सुमारे ४१ टक्के गेले होते आणि सततच्या गटातले सुमारे २२ टक्के. ब्रिटनमधला अभ्यास १९८१ सालचा, ८७ रुग्णांचा. तिथे निम्म्यांना दिवसाला किमान पंधरा तास प्राणवायू आणि उरलेल्यांना अजिबात नाही. पाच वर्षांत प्राणवायू घेणाऱ्या ४२ पैकी १९ दगावले, न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. हे आकडे मी एका रविवारी दुपारी, शेजारच्या खोलीत मशीन सुस्कारे टाकत असताना वाचले. ‘दगावले’ या शब्दापाशी येऊन मी खुर्चीतून उठले आणि आई झोपली आहे ना ते पाहून आले.

त्या ब्रिटिश अभ्यासातली एक गोष्ट मला जास्त लागून राहिली. ८७ पैकी ६६ पुरुष होते, आणि त्या पुरुषांमध्ये प्राणवायू घेणारे आणि न घेणारे यांच्यातला फरक पहिले ५०० दिवस दिसलाच नाही. दीड वर्षाच्या जवळपास दोन्ही गटांतली माणसे सारखीच जात राहिली आणि त्यानंतर कुठे नळी लावणाऱ्यांच्या बाजूने पारडे झुकले. बायका अवघ्या २१ होत्या, त्यांना मात्र सुरुवातीपासूनच लाभ दिसला. ही त्यातल्या त्यात माझ्यासाठी चांगली बातमी होती, पण त्या २१ जणींत चुलीपुढे बसून छाती गमावलेली कुणी असेल असे मला वाटत नाही. तेव्हा मी दोन्हींतले वाईट तेच धरले. हिशेबनिसाची सवय. भिंतीवरच्या कालनिर्णयाची पाने उलटत मी ५०० दिवस मोजले तर ते पुढच्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरवर आले. तारखेभोवती वर्तुळ करायला त्या वर्षाचे कॅलेंडर अजून घरात आलेले नव्हते.

आणि आता मशीन सांगत होते की आई अकरा तासच घेते आहे. म्हणजे अमेरिकेतल्या कमी भाग्यवान गटापेक्षाही कमी.

मधले पाच तास कुठे जातात याचा शोध मी अगदी नोकरीतल्या शिस्तीने घेतला. आधी संशय विजेच्या बिलावर. मशीन साधारण साडेतीनशे वॅटचे आहे. सोळा तास चालले तर दिवसाला साडेपाच युनिटच्या वर, महिन्याला १७० च्या घरात. आमचे बिल कधी शंभर युनिटच्या पहिल्या टप्प्याबाहेर गेले नव्हते आणि आई बिल आले की चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी वाचते. पण मी तिला पूर्वीच सांगून टाकले होते की बिल माझ्या पगारातून आपोआप जाते, आणि पैशांवरून तिने औषध चुकवल्याचे मला आठवत नाही. मग संशय माणसांवर. दार वाजले की आई नळी काढून उशीखाली ठेवते हे मी दोन-तीनदा पाहिले होते. एकदा गावाकडचे कुणी आले तेव्हा ती तासभर नळीशिवाय बसून गप्पा मारत राहिली, आणि ते गेल्यावर बोलायला श्वास उरला नाही म्हणून हातांनी खुणा करत होती. पण रोज पाच तास कोण येणार? मग समई. प्राणवायूच्या जवळ ज्योत नको, हे नळीबरोबर आलेल्या कागदावर पहिलेच वाक्य आहे. देवापुढची समई, निरांजन, उदबत्ती, सगळे वर्ज्य. आई सकाळ-संध्याकाळ मशीन बंद करून, थोडा वेळ गॅलरीत बसून, मग दिवा लावते, हे मला माहीत होते आणि मान्यही होते. सांजवातीचे अर्धा-पाऊण तास दोन वेळा धरले तरी साडेतीन तास उरतच होते.

खरे सांगायचे तर उत्तर माझ्या जिभेला कधीपासून ठाऊक होते. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी सोलापूरच्या. त्या सकाळी पोळ्या आणि डब्याची भाजी करून जातात. त्यांच्या हाताला शेंगदाण्याचे कूट आणि लाल तिखट लागते, आणि ते फार चवदार लागते. रात्री मात्र माझ्या ताटात आमसूल-गुळाची, गोड्या मसाल्याची, वरून ओले खोबरे घातलेली आमटी असे. “मावशींनी करून ठेवली,” असे आई म्हणे. मी भुरके मारून खाई. सहा महिने खाल्ली.

सर्व्हिसच्या मुलाला येऊन गेल्याला दहा दिवस झाले असतील. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कुणाला न सांगता बाराच्या सुमारास ठाण्याला उतरले. स्टेशनबाहेरच्या गर्दीतून चालत घरी आले, तीन जिने चढले, आणि किल्ली कुलपाला लावण्याआधी थबकले. दारातून मशीनचा आवाज येत नव्हता. त्याऐवजी आत कढईवर उलथने घासल्याचा आवाज होता. मग थांबणे. मग एक लांब, बारीक, शीळ घालताना ओठांचा चंबू करतात तसल्या ओठांतून सोडलेला श्वास. त्यामागून दुसरा, तिसरा. चार-पाच श्वासांनंतर पुन्हा उलथने दोनदा फिरे. पुन्हा थांबणे. मोहरी तडतडली, हिंगाचा वास फटीतून बाहेर आला, आणि त्यानंतर इतका वेळ काहीच ऐकू आले नाही की माझा हात दाराकडे गेला. तेवढ्यात स्टूल सरकल्याचा आवाज झाला. ती बसली होती. बसून फोडणी घालत होती, आमच्या लहानपणी चुलीपुढे बसे तशी.

मी जिन्यात, वरच्या पायरीवर बसले. आत जाऊन गॅस बंद करावा, तिला हाताला धरून पलंगावर आणावे, नळी लावावी, रागवावे, असे सगळे मनात येऊन गेले. तिने सुरक्षिततेचा नियम मोडलेला नव्हता. उलट तो ती जास्तच काटेकोरपणे पाळत होती. साडीत आणि केसांत प्राणवायू काही वेळ रेंगाळतो म्हणून मशीन बंद करून, खिडकीत बसून, वेळ जाऊ देऊन मगच तिने काडी ओढली असणार. मग डाळ, मग फोडणी, मग खोबरे किसणे, प्रत्येक कामाच्या मध्ये इतके श्वास. मग ओटा पुसणे. मग थकून पडणे आणि नळी लावायचे विसरणे. दोन माणसांच्या आमटीला साडेतीन तास लागत होते. सकाळी डाळ भिजत घालण्यापासून धरले तर त्याहून जास्त. मला राग आला होता हे खरे, आणि त्याच वेळी भूक लागली होती हेही खरे. फोडणीच्या वासाने तोंडाला पाणी सुटलेले असताना आईच्या आयुष्याचे तास मोजत बसणे हा प्रकार मला कुणाला सांगता येण्यासारखा वाटला नाही.

खालच्या मजल्यावरचे आजोबा पिशवी घेऊन वर आले, माझ्याकडे पाहून थांबले. “किल्ली विसरलीस काय?” मी हो म्हटले.

मी उठून खाली गेले, तलावपाळीवर कठड्याशी बसून राहिले आणि नेहमीच्या वेळी संध्याकाळी घरी आले. रात्री जेवताना आमटी वाढून घेतली. “मावशींनी छान केलीये,” मी म्हटले. आई भाताकडे पाहत म्हणाली, “हो ना. हात बसला आता त्यांचा.”

डॉक्टरांकडे मी एकटी गेले. मला वाटले होते ते ओरडतील. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “झोपेत नळी निघते का?” निघत होती. कूस बदलताना ती हनुवटीवर यायची आणि मशीन रात्रभर उशीला प्राणवायू पाजत राहायचे, पण तेवढे तास मीटरवर जमा व्हायचे. म्हणजे मीटरही पूर्ण खरे बोलत नव्हते, आणि लेखापरीक्षणाच्या भाषेत माझा एकमेव विश्वासू साक्षीदारही गेला. त्यांनी सांगितले की रात्र आधी पक्की करा, दुपारची झोप पक्की करा, आणि पंधराच्या जितके जवळ जाता येईल तितके जा. वर्षभरापूर्वी, २०२४ साली, स्वीडनमधला एक मोठा अभ्यास आला आहे. त्यात पंधरा तास घेणारे आणि चोवीस तास घेणारे यांच्यात वर्षअखेर काही फरक आढळला नाही. तेव्हा चोवीस तासांचा हट्ट धरू नका, असेही ते म्हणाले. “चोवीसपैकी नऊ तास त्यांचे आहेत. त्यांत त्यांनी काय करायचं ते तुम्ही नका ठरवू.” मी हिशेब केला. आई तेरा तास स्वतःकडे ठेवत होती. भांडण चार तासांचे होते.

मी कानांमागे जरा घट्ट बसणारी मऊ नळी आणली. रात्री दोनला मोबाइलवर गजर लावून ती जागेवर आहे का ते पाहू लागले. वीज गेली तर म्हणून दीड घनमीटरचा छोटा सिलिंडर आणून कोपऱ्यात साखळीने बांधून ठेवला. दीड हजार लिटर, मिनिटाला दोन लिटर, म्हणजे साडेबारा तास. इन्व्हर्टर हे मशीन दोन-तीन तासांपलीकडे ओढत नाही. विनाज्योतीची म्हणून इंडक्शनची शेगडीही आणली. आईने तिच्यावर एकदा दूध तापवले, “ह्याच्यावर फोडणीला रंग येत नाही,” असा निकाल दिला आणि आता तिच्यावर लोणच्याच्या बरण्या आहेत. मावशींना कोकणी आमटी शिकव, असे मी एकदा आईलाच सुचवले. तिने होकार दिला, मावशींना चार दिवस शेजारी उभे करून पलंगावरून सूचना दिल्या, आणि पाचव्या दिवशी मावशी निघून गेल्यावर त्या आमटीत स्वतः आणखी दोन आमसुले टाकली. हे मला मावशींनी सांगितले, तेही हसत.

डायरीतला रोजचा सोळा मात्र जानेवारीपासून बंद झाला. मी काहीच बोलले नव्हते. ११, १२॥, १०, १३ असे आकडे येऊ लागले, मधेच एखाद्या दिवशी १५ आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात ‘अंग मोडून आले, पडून होते’. आता ती वही खऱ्या वहीसारखी दिसते. जुन्या वहीपेक्षा ती वाचणे मला जड जाते. फेब्रुवारीत तिला एक आठवडा कफ वाढून दवाखान्यात ठेवावे लागले, तेव्हाच्या पानांवर काही नाही. तिथल्या अर्ध्या जागेपणी ती कंपाउंडरला विचारत होती, “इथले तास धरायचे का?”

३ जूनला तोच मुलगा पुन्हा आला. पाऊस नुकता सुरू झालेला होता, त्याच्या पिशवीतून पाणी गळत होते. त्याने जाळी काढली, स्पंज धुतला, पण या वेळी तो काचेत वाकण्याआधीच आईने पलंगावरून विचारले, “किती झाले रे?”

“चार हजार तीनशे सहा, आजी.”

आईने उशाशी हात घालून डायरी काढली, शेवटचे पान उघडले आणि पेन्सिलीने आकडा लिहिला. मी तिच्या खांद्यावरून पाहिले. वर डिसेंबरचा २००६ तिच्याच अक्षरात आधीपासून लिहिलेला होता, त्यापुढे माझाच हिशेब, १८२ आणि ११. तिने नवी वजाबाकी केली, १८४ ने भागले. पावकी-निमकी पाठ असलेल्या पिढीची ती, तिला कागद नावापुरता लागतो. “साडेबारा,” ती म्हणाली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. शाळेत माझे प्रगतिपुस्तक सही करण्याआधी बघायची तसे. मला काहीतरी बोलायला हवे होते. मी खिडकीतला स्पंज वाळला का ते बघायला गेले.

मुलाने मशीन पुन्हा भिंतीशी लावले, बटण दाबले, घूं घूं सुरू झाली आणि थोड्या वेळाने पहिला सुस्कारा आला. आईने नळी हातात घेतली, कानांमागे घालायला उचलली आणि तशीच थांबली.

“जेवून जा रे,” ती त्याला म्हणाली. “आमटी टाकायचीच आहे अजून. तासभर थांबशील?”